इंग्रजी मजकुरात 'थर्ड डिग्री' आली तर

भाषांतर करताना 'थर्ड डिग्री' दिसली की आधी तिच्या पुढचा शब्द बघावा. 'बर्न' असेल तर विषय भाजण्याचा, कातडीची पूर्ण जाडी जळालेली. 'मर्डर' असेल तर अमेरिकेतला कायदा. जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूप्रकरणातला पोलीस अधिकारी डेरेक शॉविन २०२१ मध्ये मिनेसोटात ज्या गुन्ह्यांत दोषी ठरला, त्यांत थर्ड डिग्री मर्डरही होता. या शब्दांचं भाषांतर 'थर्ड डिग्री देऊन खून' असं केलं की बातमीचा विचका झालाच म्हणून समजा. आकडेही उलटे चालतात: भाजण्यात आकडा चढेल तशी जखम गंभीर, खुनात पहिली श्रेणी सर्वांत गंभीर.

पुढे काही नसेल तर बहुधा चौकशी. मग विचारणारा कोण ते बघा. कादंबरीत रात्री उशिरा घरी आलेली मुलगी म्हणते, 'माय मदर गेव्ह मी द थर्ड डिग्री'. इथे 'आईने माझी उलटतपासणीच घेतली' किंवा 'खोदून खोदून विचारलं' चालेल. शब्द तसाच ठेवला तर मराठी वाचकाला थेट पोलिसी पट्टा दिसतो. कथा कोर्टातली असेल तर मात्र उलटतपासणी टाळा. सरतपासानंतर, म्हणजे साक्षीदार आणणाऱ्या बाजूचे प्रश्न झाल्यावर, विरुद्ध बाजूचा वकील घेतो तीच खरी.

विचारणारे पोलीस असले तरी नुसती 'मारहाण' लिहू नये. अमेरिकेत विकरशॅम या सरकारी चौकशी आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धती मांडल्या, त्यांत तासन्‌तास प्रश्न विचारत राहणं आणि झोपू न देणंही होतं. 'छळ करून कबुली' हे सगळ्याला पुरतं.

तळटीप द्यायची तर उगम फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघटनेच्या मंडळींकडे दाखवावा. त्यांच्या तीन पायऱ्यांपैकी तिसरी मास्टर मेसनची. तिच्या दीक्षाविधीत उमेदवाराला प्रश्नोत्तरांतून आणि नाट्यमय कसोटीतून जावं लागतं. अटक पहिली, तुरुंगात नेणं दुसरी, चौकशी तिसरी, अशी फोड वॉशिंग्टनचे पोलीसप्रमुख रिचर्ड सिल्व्हेस्टर यांनी केली होती. फोड झकास, पण शब्द त्याआधीच रुळलेला होता.

आपल्याकडच्या बातमीत 'थर्ड डिग्री दाखवताच पोपटासारखा बोलू लागला' हे वाक्य सर्रास येतं. ते कापावं: त्यात पोलिसांचा गुन्हा कौतुकाने सांगितलेला असतो. शिवाय पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात २३ आहे. म्हणून 'गुन्हा कबूल केला' छापण्याआधी कोणापुढे, हे बातमीदाराला विचारा. मॅजिस्ट्रेटने नोंदवलेला कबुलीजबाब वेगळा.