पावसात मिस मारणारी गाडी

खानापूरहून बेळगावच्या उद्यमबागेत कामाला रोज गाडीवरून जातो, साधारण २० किलोमीटर. जूनपासून एकच त्रास: पाऊस लागला की वाटेत देसूरच्या पुढं गाडी मिस मारायची (झटके देत अडखळायची), मच्छेपर्यंत बंदच पडायची. ऊन पडलं की तासाभरात परत चालू. इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग बदलला, कार्बोरेटर साफ करून घेतला. पैसे गेले, फरक काही नाही.

मग एका रात्री परसात दिवा मालवून गाडी चालू केली आणि प्लगच्या कॅपवर (वीज आणणाऱ्या वायरच्या टोकाला असलेलं, प्लगवर बसणारं रबरी टोपण) पाणी शिंपडलं. अंधारात स्पष्ट दिसलं! कॅपच्या बाजूनं निळी ठिणगी सुटून थेट इंजिनच्या हेडवर उडत होती. रबराला केसाएवढी चीर. ओल शिरली की वीज प्लगच्या टोकापर्यंत पोचतच नव्हती. (इंजिन चालू असताना कॅपला हात लावू नका, झटका जबर बसतो.)

नवी कॅप आणली. वायरचं टोक आत हिरवं पडलेलं; अर्धा सेंटिमीटर कापलं, चकचकीत तांबं दिसल्यावर कॅप पिळून बसवली, तोंडाशी सिलिकॉन ग्रीस लावलं.

उशीर झाला की आई दारातच उभी असायची, त्याचंच जास्त वाईट वाटायचं. काल वाटेत पिरनवाडीला धो धो पाऊस होता. गाडी एकदाही अडखळली नाही.