मेडिकल असिस्टंटचा कोर्स घेताय? मग पगार नी कर्ज आधी शेजारी शेजारी मांडा

माझी मावसबहीण न्यू जर्सीत एडिसनला असते, ग्रीन कार्ड आलं, धाकटा शाळेत जायला लागला आणि बाईंनी ठरवलं की मेडिकल असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या क्लिनिकमधली मदतनीस, व्हायचं. एका प्रायव्हेट कॉलेजच्या साइटवर नुसता चौकशीचा फॉर्म भरला तर संध्याकाळपर्यंत तीन फोन, सोमवारपासून बॅच आहे, सीट जाईल, आजच सही करा. रात्री मला फोन, "ताई, बावीस हजार डॉलर म्हणजे खूप होतात का गं?" तिला जे सांगितलं तेच इथे टाकतेय, अमेरिकेत राहून हा कोर्स करायचा विचार असेल त्यांच्यासाठी.

आधी पगार बघा. सरकारच्या ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सचा मे २०२४ चा आकडा आहे वर्षाला ४४,२०० डॉलर, म्हणजे तासाला साधारण सव्वाएकवीस. पण हा मेडियन आहे हां, म्हणजे निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त, आणि यात पंधरा वर्षं नोकरी केलेल्या बायकाही आल्या, पहिल्याच दिवशी हा रेट आपल्याला मिळेल असं धरू नका. आपल्या घरापासून गाडीने अर्ध्या तासात जाता येईल अशा दहा नोकऱ्यांच्या जाहिराती उघडा, तासाचे रेट कागदावर लिहा आणि खालच्या बाजूचा धरा. आम्ही तिचे ३७,००० धरले.

आता कर्ज. २०२५-२६ साठी अंडरग्रॅज्युएट फेडरल (म्हणजे केंद्र सरकारच्या) लोनचा व्याजदर ६.३९ टक्के आहे, दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर दर दहा हजारामागे महिन्याला ११३ डॉलर हप्ता बसतो. बावीस हजाराचे झाले जवळजवळ २४९, आणि दहा वर्षांत हातातून जाणार २९,८०० च्या आसपास. असे करिअर प्रोग्रॅम तपासायला सरकारनेच एक माप वापरलंय, वर्षाचे हप्ते वर्षाच्या कमाईच्या ८ टक्क्यांच्या आत असावेत असं. ३७,००० चे ८ टक्के म्हणजे महिन्याला २४७. म्हणजे तिचा हप्ता रेषेच्या जरासा बाहेरच. आणि ही रेषा म्हणजे शेवटची हद्द झाली, न्यू जर्सीचं घरभाडं भरून त्याच्या निम्मा हप्तासुद्धा जड जातो असं माझं मत.

मग कॉलेज स्कोअरकार्ड उघडा, शिक्षण खात्याची फुकट साइट आहे, कॉलेज निवडून त्यात "अलाईड हेल्थ अँड मेडिकल असिस्टिंग सर्व्हिसेस" शोधा, तिथे कमाई आणि कर्ज दोन्ही दिसतं. पण इथेच लोक फसतात. त्या एका नावाखाली मेडिकल असिस्टंटबरोबर फार्मसी टेक्निशियन, फिजिकल थेरपी असिस्टंट, ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंट असे सगळे एकत्र मोजलेले असतात, आणि थेरपीवाल्यांचा पगार आपल्यापेक्षा बराच वर असतो. म्हणजे एखाद्या कॉलेजात थेरपीची असोसिएट (दोन वर्षांची) डिग्री पण असेल तर तिथला असोसिएटचा कमाईचा आकडा गुटगुटीत दिसतो, आणि आपण समजतो वा, इथले मेडिकल असिस्टंट काय कमावतात! म्हणून आधी त्या कॉलेजात कुठकुठले कोर्स आहेत ते बघा, मग आकडा वाचा. अजून एक, तिथला कर्जाचा आकडा फक्त कोर्स पूर्ण केलेल्यांचा आणि फक्त फेडरल लोनचा. मध्येच सोडून गेलेले आणि बँकेचं प्रायव्हेट लोन घेतलेले त्यात नाहीत.

डिग्री की सर्टिफिकेट? बहुतेक राज्यांत या कामाला कायद्याने डिग्री लागत नाही. सर्टिफिकेट वर्षभरात होतं, असोसिएटला दोन वर्षं, आणि त्या जास्तीच्या वर्षात बरंचसं इंग्लिश कॉम्पोझिशन, सायकॉलॉजी असले जनरल विषय. क्लिनिकवाले विचारतात बीपी घेता येतं का, ईकेजी (आपला ईसीजी) लावता येतो का, रक्त काढता येतं का आणि सर्टिफिकेशन (कोर्सचं सर्टिफिकेट नव्हे, परीक्षा देऊन मिळतं ते) आहे का. बहिणीसारख्या बीकॉम झालेल्या बाईने परत पैसे भरून इंग्लिशचे निबंध लिहायचे, कशाला? पुढे नर्सिंगला जायचं असेल तरी मेडिकल असिस्टिंगचे क्रेडिट तिथे फारसे चालत नाहीत, ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे चालू शकतात, ते आधी नर्सिंगवाल्यांना विचारून घ्या.

बीकॉमवरून आठवलं. ग्रीन कार्डवाल्यांना फेडरल मदत मिळते, पण भारतातली का असेना, बॅचलर डिग्री झालेली असली की पेल ग्रँट, म्हणजे परत न फेडायची सरकारी मदत, मिळत नाही, फक्त लोन. एच-४ वर (नवऱ्याच्या एच-१बी वरून मिळालेल्या व्हिसावर) असाल तर फेडरल ग्रँटही नाही आणि लोनही नाही. बहिणीला फोनवरच्या माणसाने "ग्रँट मिळून जाईल हो" सांगितलं होतं, डिग्री आहे का हे विचारलंसुद्धा नव्हतं.

त्याच फोनवाल्याकडे मी प्लेसमेंटचा, म्हणजे किती जणांना नोकरी लागली त्याचा, आकडा ईमेलवर मागायला लावला. फोनवरच्या टक्केवारीला काही अर्थ नाही, कोरिंथियन कॉलेजेस या प्रायव्हेट कॉलेजांच्या साखळीवर नोकऱ्यांचे खोटे आकडे सांगितल्याचा ठपका आला, २०१५ मध्ये ती बंद पडली आणि २०२२ मध्ये सरकारने ५,६०,००० लोकांचं ५.८ अब्ज डॉलरचं कर्ज माफ केलं, मेडिकल असिस्टिंग तिथेही शिकवायचे. कोर्सला सीएएएचईपी किंवा एबीएचईएस या मान्यता देणाऱ्या संस्थांची मान्यता आहे का तेही लेखी विचारा, ती असली की सीएमए या मेडिकल असिस्टंटच्या सर्टिफिकेशनच्या परीक्षेला सरळ बसता येतं. आणि फीचा कागद ओळ-ओळ वाचा. तिच्या कागदात स्क्रबच्या दोन जोड्या आणि स्टेथोस्कोप मिळून जी रक्कम लावली होती त्यात दुकानात तीन सेट आले असते.

शेवटी आपल्याच काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजचं सर्टिफिकेट ठरलं, हप्त्याहप्त्याने रोख भरून. एकच खर्च आम्ही आधी धरलाच नव्हता, प्रॅक्टिकमचा. कमीत कमी १६० तास क्लिनिकमध्ये उभं राहायचं आणि पगार बहुतेक ठिकाणी शून्य, म्हणजे महिनाभर धाकट्याचं आफ्टरकेअर आणि रोजचं पेट्रोल आपल्याच खिशातून. तो आकडा तिने फ्रिजवरच्या कागदावर लाल पेनाने लिहून ठेवलाय.