जादा दिव्यांची वायर रिलेतूनच न्या

काटोल रोडवर रात्री रानडुक्कर कधी आडवं येईल सांगता येत नाही, म्हणून जीपला दोन जादा दिवे लावले. पहिल्यांदा एकाने वायर थेट हेडलाइटच्या स्विचला जोडून दिली. महिन्याभरात स्विच गरम लागायला लागला. उघडला तर आतली पट्टी काळी आणि प्लास्टिक मेणासारखं ओघळलेलं. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर ९ अँपिअरच्या वर ओढतात. तेवढं त्या स्विचला झेपत नाही.

दुसऱ्यांदा मी स्वतःच बसलो आणि रिले घातला. रिले म्हणजे थोड्याशा करंटवर चालणारा स्विच; दिव्यांचा मोठा करंट त्यातून जातो, हाताच्या स्विचमधून नाही. आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडा. पॉझिटिव्हपासून वीतभरातच १५ अँपिअरचा फ्यूज टाका. दिव्याजवळ टाकला तर मधल्या सगळ्या वायरीला फ्यूजचं संरक्षणच नाही की! फ्यूजमधून अडीच चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ मधून दिव्यांना. ८५ बॉडीला अर्थ. अप्परची (लांबच्या झोताची) वायर डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचमधून ८६ ला, म्हणजे डिप्परवर (जवळच्या झोतावर) घेतलं की जादा दिवेही विझतात. काही गाड्यांत अप्पर निगेटिव्हकडून चालू होतो, तिथे ही जोडणी चालत नाही; टेस्ट लॅम्प लावून आधी खात्री करा.

अर्थकडे नीट लक्ष द्या. बोल्टखालचा रंग चकाकता पत्रा दिसेपर्यंत खरवडा, रिंग टर्मिनल घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. नागपूरच्या मे महिन्यात बॉनेटखाली इन्सुलेशन टेप सुटतो आणि चिकट गोंद तेवढा उरतो. म्हणून जोडांवर हीट श्रिंक आणि वायरीवर जाळीदार पाइप घाला, सायलेन्सरपासून लांब.