ईगल क्लॉ: फसलेल्या मोहिमेचं टिपण कसं मांडावं

ऑपरेशन ईगल क्लॉवर, म्हणजे तेहरानमध्ये ओलीस ठेवलेल्या अमेरिकनांना सोडवण्याच्या अमेरिकेच्या 1980 च्या मोहिमेवर, लिहायला बसलं की हात आपोआप शेवटच्या आगीकडे वळतो. सुरुवात तिथून करू नका. हेलिकॉप्टर विमानावर आदळलं तेव्हा मोहीम आधीच रद्द झालेली होती.

पानाच्या डोक्यावर 6 हा आकडा लिहा: तेहरानकडे पुढे जायला लागणारी किमान हेलिकॉप्टरं. त्याखाली 8, म्हणजे 24 एप्रिल 1980 ला निमित्झ या विमानवाहू नौकेवरून उडालेली आरएच-53डी. राखीव फक्त 2. आता कारणासह वजाबाकी करा.

क्र. 6: पात्याला तडा गेल्याचा इशारा, वाळवंटात सोडून दिलं.
क्र. 5: धुळीच्या लोटात उपकरणं बिघडली, नौकेवर परत.
क्र. 2: डेझर्ट वनला (इराणच्या वाळवंटातला इंधन भरण्याचा थांबा) पोहोचलं, पण हायड्रॉलिक बिघाडामुळे पुढे नेण्याजोगं नव्हतं.

उरली 5. इथेच मोहीम संपली.

पुढची पायरी संभाव्यतेची. प्रत्येक हेलिकॉप्टर धड राहण्याची शक्यता सरावापुरती 75 टक्के धरा (हा आकडा गृहीत आहे, नोंदीतला नाही) आणि द्विपद वितरण (ठरावीक संख्येपैकी किती टिकतील याची शक्यता काढण्याचं सूत्र) लावा. 8 पैकी किमान 6 उरण्याची शक्यता येते सुमारे 68 टक्के. 10 नेली असती तर 92, 11 नेली असती तर जवळपास 97. गृहीतक 90 टक्के केलं की 8 हेलिकॉप्टरांनाही 96 मिळतात. नियोजन करणाऱ्यांना 8 पुरेशी का वाटली असतील, ते यातून कळतं. मोहिमेचा आढावा घेणाऱ्या होलोवे समितीनेही नंतर जास्त हेलिकॉप्टरं न्यायला हवी होती असंच म्हटलं.

बहुतेक टिपणं फसतात ती याच्या पुढे. हे गणित प्रत्येक बिघाड स्वतंत्र मानतं, पण धूळ सगळ्यांना एकदमच गाठते. म्हणून दुसरा रकाना काढा, सामाईक कारणांचा: धूळ, रेडिओ मौन, गुप्ततेपायी वैमानिकांपासून दूर ठेवलेले हवामानतज्ज्ञ, सगळ्या तुकड्यांची एकत्र पूर्ण रंगीत तालीम न होणं. क्र. 5 या रकान्यातही येतं. पुढे डेझर्ट वनला आकाश स्वच्छ आहे हे त्याच्या वैमानिकाला कळलं असतं, तर तो माघारी वळला नसता. नुसतं 'यंत्र बिघडलं' लिहिलंत तर हे निसटतं.

टकरीला वेगळं पान द्या. परतीच्या तयारीत जागा बदलताना, पात्यांनी उडवलेल्या धुळीत एक हेलिकॉप्टर इंधन आणलेल्या ईसी-130 विमानावर आदळलं. हवाई दलाचे 5 आणि मरीन कोअरचे 3 जण मृत्युमुखी पडले. 5 हेलिकॉप्टरं तिथेच राहिली आणि त्यांतली गुप्त कागदपत्रं इराणच्या हाती लागली. हे नुकसान रद्द करण्याच्या निर्णयानंतरचं, त्यामुळे वरच्या वजाबाकीत ते मिसळू नका.