मुलांच्या चित्रकला वर्गासाठी अनुदान: आधी चेंज रिपोर्ट, मग रंग

साताऱ्यात किंवा सांगलीत मुलांसाठी चित्रकलेचा उपक्रम उभा करायला निघालेला कलाशिक्षक प्रस्तावाची सुरुवात बहुधा ‘जीवनातील कलेचे स्थान’ अशा परिच्छेदाने करतो. पैसे देणारा तो वाचत नाही. तो आधी संस्थेची फाइल मागतो.

फाइलीत धर्मादाय कार्यालयाचं नोंदणीपत्र, संस्थेचं पॅन, तीन वर्षांचे ऑडिट, आयकराची १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक एवढं हवंच. कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी, घ्यायचा तर सीएसआर-१ फॉर्म भरून मिळणारा क्रमांकही लागतो. १ एप्रिल २०२१पासून तो सक्तीचा आहे. पण इतकं करूनही गाडी अडते ती चेंज रिपोर्टवर, म्हणजे विश्वस्त बदलल्याचं धर्मादाय कार्यालयाला कळवण्याच्या अर्जावर. जुने विश्वस्त गेले, नवे आले, बँकेतल्या सह्या बदलल्या, आणि धर्मादायच्या शेड्यूल वनवर, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या नोंदवहीच्या उताऱ्यावर, नावं मात्र जुनीच. बदल ९० दिवसांत कळवायचा असतो. अर्जाला हात घालण्याआधी शेड्यूल वनचा ताजा उतारा काढून बँकेच्या नावांशी ताडून बघा.

स्वतःची संस्था नसेल तर घाईने ट्रस्ट काढू नका. नव्या ट्रस्टला दाखवायला तीन ऑडिट कुठून येणार? गावातलं जुनं वाचनालय किंवा शिक्षणसंस्था गाठा, लेखी करार करा, हिशेब स्वतंत्र ठेवा.

कंपन्यांनी आपल्या परिसरातल्या कामाला प्राधान्य द्यावं, असं सीएसआरचा कायदाच सांगतो. म्हणून शिरवळ, सातारा, कुपवाड, पलूस इथल्या कारखान्यांपासून सुरुवात करा. शाळेतला वर्ग ‘शिक्षण’ या बाबीखाली मांडा. औंधच्या चित्रसंग्रहालयात किंवा मेणवलीच्या वाड्यातल्या भित्तिचित्रांसमोर मुलांना बसवून काम करून घेणार असाल तर ‘कला आणि वारसा’ ही वेगळी बाब आहे. दोन्ही एकाच प्रस्तावात कोंबलं की कंपनीच्या समितीला ते कुठे बसवावं कळत नाही. सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची १० ते १४ वयाच्या मुलांची शिष्यवृत्ती आणि सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलाकारांची शिष्यवृत्ती थेट त्या मुलाला मिळते, संस्थेला नाही. ती उत्पन्नात धरू नका. परदेशी देणगी घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी नसेल तर परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाचीही देणगी चालत नाही.

अंदाजपत्रक कागदापासून मांडा. समजा ४० मुलं, २४ वर्ग, दर वर्गाला दोन पाव इंपीरियल कागद. झाले १,९२० तुकडे. २२ बाय ३० इंचाच्या एका इंपीरियल शीटमधून चार तुकडे निघतात, म्हणजे ४८० शीट. दहा टक्के खराबी धरून ५२८. असं लिहिलेलं असलं की त्या ओळीवर कोणी शंका काढत नाही. ‘साहित्य: एकरकमी’ लिहिलं की पहिली कात्री तिथेच. विसरतात ते नेहमीचंच: प्रदर्शनाचे माउंट, सहलीची एसटी किंवा टेम्पो, सहाय्यकाचं मानधन. मुख्य शिक्षक एकटा ४० मुलांना पुरत नाही. वीस मुलांमागे एक माणूस धरा.

वेळापत्रक दिवाळीनंतर ते फेब्रुवारी ठेवा. जुलै-ऑगस्टात कागद सर्दावतो, आणि सांगलीत नदीकाठच्या भागात तळमजल्यावर कागदाचे गठ्ठे ठेवणं म्हणजे २०१९चा पूर विसरणं.

फलित काय दाखवायचं? इंटरमीजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेत ए, बी, सी श्रेणी मिळाली की दहावीला अनुक्रमे ७, ५, ३ वाढीव गुण मिळतात. हा आकडा कंपन्यांना आवडतो, पण सगळा प्रस्ताव त्यावर टांगू नका. वर्ग मग परीक्षेची शिकवणी होतो. त्यापेक्षा पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात प्रत्येक मुलाकडून एकाच विषयाचं चित्र काढून घ्या, मागे तारीख टाका. दोन्ही शेजारी ठेवली की मूल्यमापन अहवालाचं निम्मं काम होतं. फोटो वापरण्यासाठी पालकांची लेखी संमती प्रवेशाच्या दिवशीच घ्या. नंतर सह्या गोळा करत गावभर फिरावं लागतं.

खर्चाची बिलं संस्थेच्याच नावाची हवीत आणि मंजुरीच्या तारखेनंतरची. आधी घेतलेले रंग अनुदानात धरले जात नाहीत. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांहून जास्त रोख देऊ नका, आणि ५,००० वरच्या रोख पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावा. पैसे ठरलेल्या कामालाच खर्च झाल्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर सीएची सही घ्यायची असते. ती मार्चअखेरीला मागितली तर मिळत नाही, फेब्रुवारीतच बिलं त्यांच्या टेबलावर पोचवा.