पर्सनल ट्रेनर लावलाय? मग पैसे वसूल करायला शिका

जिमची वर्षाची फी भरून झाली की काउंटरवरचा मुलगा लगेच विचारतो, मॅडम पीटी घेणार का. पीटी म्हटलं की आपल्याला शाळेचं मैदान आणि शिट्टी आठवते, पण इथे पीटी म्हणजे पर्सनल ट्रेनिंग आणि त्याचे पैसे वेगळे. मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते, मानपाड्याच्या पुढे, वय ४३, आणि दीड वर्षात माझे दोन ट्रेनर झाले. पहिल्याकडे तीन महिने गेले आणि शिकले काय तर एक ते पंधरा आकडे, कारण तो मोजायचा आणि मी उचलायचे. दुसऱ्याच्या वेळी अक्कल आली, ती लिहितेय.

ट्रेनर शिकायला लावायचा, मोजायला नाही. गाडी शिकताना आपण मोटर ट्रेनिंग स्कूल लावतो, पण म्हणून त्या मास्तरांना जन्मभर शेजारी बसवून फिरत नाही ना, तसंच हे.

पैशाचं आधी. पॅकेज बहुतेक १२ किंवा २४ सेशनचं असतं, तर एका सेशनला किती पडतात ते काढा. माझं १२ चं ९,६०० ला होतं म्हणजे सेशनला ८००, आणि हा आकडा डोक्यात बसला की दहा मिनिटं उशिरा पोचताना जीव जळतो. पॅकेज किती दिवसांत संपवायचं हे विचाराच, कारण जुलैमध्ये घोडबंदरला पाणी तुंबलं किंवा गायमुखला कंटेनर बंद पडला की तुमची सकाळ गेलीच, मग गणपती, मग नवरात्र. किती तास आधी कळवलं तर सेशन कापत नाहीत, आणि ट्रेनरच नोकरी सोडून गेला (हे फार होतं) तर उरलेल्या सेशनचं काय, हे सगळं निदान व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या.

ट्रेनर निवडताना त्याचे दंड बघू नका, त्याचे दंड त्याचे आहेत. अर्धा तास ट्रेडमिलवर चालत तो दुसऱ्यांना कसं शिकवतोय ते बघा. समोरची बाई स्क्वॉट मारतेय आणि हा रील बघतोय तर विषय संपला. सर्टिफिकेट मागायला लाजू नका, एसीई, एनएएसएम, एसीएसएम असल्या अमेरिकन संस्थांची सर्टिफिकेटं दोन-तीन वर्षांनी रिन्यू करावी लागतात तेव्हा तारीखही बघा. पण खरी परीक्षा ट्रायल सेशनला होते. त्याने बीपी, शुगर, थायरॉईड, कंबर, गुडघे, जुनी ऑपरेशनं, चालू गोळ्या हे स्वतःहून विचारलं पाहिजे. माझ्या पहिल्याने फक्त वजन विचारलं आणि थेट बर्पी (खाली वाकून पाय मागे टाकायचे, परत उठून उडी मारायची) मारायला लावल्या, सिझेरियन झालंय हे त्याला महिन्याने कळलं. छातीत दुखतं, चक्कर येते, बीपी कंट्रोलमध्ये नाही असं काही असेल तर आधी डॉक्टर, मग जिम.

बायकांसाठी एक. फॉर्म, म्हणजे व्यायाम करतानाची अंगाची ठेवण, सुधारताना ट्रेनर पाठीला, खांद्याला हात लावतो, तुम्हाला नको असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, "हात लावायच्या आधी विचारा, शक्यतो तोंडी सांगा किंवा स्वतः करून दाखवा." चांगला ट्रेनर यावर तोंड वाकडं करत नाही. करत असेल तर बदलून मागा, लेडी ट्रेनर असते का तेही विचारा.

आता ते "सर" प्रकरण. जिममध्ये ट्रेनरला सगळे सर म्हणतात, मी पण म्हणते, वास्तविक तो माझ्या भाच्याच्या वयाचा आहे आणि मला मॅडम म्हणतो. गंमत अशी की सर म्हटलं की आपण शाळेतल्यासारखे गप्प होतो. तसं करू नका. प्रत्येक व्यायामाला तीन प्रश्न विचारा: हे कशासाठी, ताण कुठे जाणवायला हवा, आणि चुकलं तर कुठे दुखेल. रोमानियन डेडलिफ्ट (हातात वजन धरून पुढे वाकायचं आणि सरळ व्हायचं) मी दोन महिने कंबरेने करत होते, दुसऱ्या ट्रेनरला विचारलं तेव्हा तो म्हणाला ताण मांडीच्या मागे यायला पाहिजे, गुडघे जरासे वाकवून ढुंगण मागे ढकला, हाताने नाही उचलायचं, आणि पाच मिनिटांत फरक कळला. प्रश्नांसाठी वेगळा वेळही लागत नाही, जड सेटनंतर (सेट म्हणजे न थांबता सलग मारलेली एक फेरी) दोन मिनिटं थांबायचंच असतं, तेवढ्यात त्याच्या गावच्या जत्रेऐवजी हे बोला.

पहिले सहा-आठ आठवडे तेच ते व्यायाम हवेत: एक बसून उठायचा, एक कंबरेत वाकायचा, एक ढकलायचा, एक ओढायचा, एक वजन धरून चालायचा. रोज नवीन काहीतरी करून घेणारा ट्रेनर भारी वाटतो, घामही खूप येतो, पण मागच्या आठवड्यापेक्षा पुढे गेलो का हे कसं कळणार? म्हणून वही ठेवा, साधी शंभर पानी, आणि ती ट्रेनरकडे नको, तुमच्याकडे हवी. माझ्या वहीत असं असतं: गॉब्लेट स्क्वॉट (वजन छातीशी धरून बसून उठायचं), ८ किलो, १०-१०-९ (म्हणजे तीन सेटमध्ये किती वेळा झालं ते), शेवटी अजून दोन निघाली असती. तिन्ही सेट १२ ला नीट पोचले की पुढच्या वेळी १० किलो. आणि बारबेलचं, म्हणजे दोन्ही टोकांना वजनं लावतात त्या रॉडचं, वजन धरायला विसरू नका, मोठा रॉड नुसताच २० किलोचा असतो.

त्याचं "लास्ट वन मॅडम" तीन वेळा येतं हे एव्हाना कळलंच असेल. स्नायू जळत असेल तर द्या एक जास्तीचं, पण सांध्यात टोचलं, हाताला मुंग्या आल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली तर वजन खाली ठेवा, लोक काय म्हणतील गेलं खड्ड्यात. श्वास कोंडून उचलू नका, बीपी एकदम चढतं, जोर लावताना श्वास सोडा. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना आई गं होणं नॉर्मल आहे, ते साधारण २४ ते ७२ तासांत जास्त असतं मग ओसरतं. पण अंग भयंकर दुखतंय, सुजलंय आणि लघवी काळ्या चहासारखी होतेय तर ट्रेनरला मेसेज नाही, सरळ हॉस्पिटल.

खाण्याचा कागद सगळेच ट्रेनर देतात. माझ्या पहिल्या कागदावर ॲव्होकाडो होता आणि सहा अंड्यांचा पांढरा भाग, आमच्याकडे गुरुवार-शनिवार अंडं चालत नाही हे विचारलंच नाही. ट्रेनर म्हणजे डाएटिशियन नव्हे, त्याच्याकडून फक्त अंदाज घ्या. वजनं उचलणाऱ्याला किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रोटीन धरतात, मी ६५ किलो म्हणजे कमीत कमी ७८ ग्रॅम. एका अंड्यात ६, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत २५ च्या आसपास. बाकी डाळ, दही, जांभळी नाक्यावरून आणलेली मटकी. किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नका. पावडर लागतेच असं नाही, आणि ट्रेनर स्वतःच डबा विकत असेल तर त्यात त्याचं किती सुटतं ते हसत हसत विचारा, डब्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्न सुरक्षा खात्याचा) नंबर बघा. फॅट बर्नर, इंजेक्शन असलं काही निघालं तर पॅकेज अर्धं राहिलं तरी चालेल पण तिथून निघा. हो, आणि क्रंचेस मारून फक्त पोट उतरत नाही, कोणी कितीही छातीठोक सांगो.

पॅकेजची शेवटची दोन सेशन मी अशी वापरली: सरांना म्हटलं आज तुम्ही गप्प बसायचं, मी वॉर्मअपपासून सगळं स्वतः करणार, चुकलं तरच बोला. पहिल्या दिवशी चार वेळा बोलले, दुसऱ्या दिवशी एकदा, तेही रॉडला क्लिप लावायची राहिली म्हणून. बाजूने मोबाईलवर स्क्वॉट आणि डेडलिफ्टचे व्हिडिओ काढून घेतले (मागे दुसरं कोणी येत नाहीये बघून). तुम्हीही तसं करा, आणि पुढच्या आठ आठवड्यांचा प्लॅन त्याच्याकडून वहीतच लिहून घ्या, तोंडी नको. मग दीड-दोन महिन्यांनी एखादंच सेशन सुटं मिळतं का ते काउंटरवर विचारा. रेट कार्डवर नसतं, पण विचारलं की बरेचदा देतात.