मूल गणितात अडतंय? आधी या चुका टाळा

बावन्नातून सत्तावीस वजा करायला सांगितलं आणि मुलीने ३५ लिहिलं, की बहुतेक घरांत पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "लक्ष कुठे असतं गं तुझं?" लक्ष तिथेच असतं. एककात २ मधून ७ जाईनात, म्हणून तिने ७ मधून २ काढले आणि ५ लिहिले. दशकात ५ मधून २ गेले, राहिले ३. "मोठ्यातून लहान वजा करायचं" हे आपणच तिला पहिलीत सांगितलेलं असतं. तिने ते इमानदारीने एकक-दशकाच्या प्रत्येक घरात केलं.

अशा वेळी लाल फुली मारून तसलीच वीस उदाहरणं द्यायची, ही सगळ्यात मोठी चूक. ती वीसही तशीच सोडवील आणि चुकीची रीत हातात बसेल. त्याऐवजी "कसं केलंस, सांग बरं" एवढंच विचारा आणि तिचं बोलणं संपेपर्यंत मध्ये बोलू नका. उत्तर बरोबर आलं तरीही हे विचारत चला. नाहीतर हा प्रश्न आला म्हणजे आपलं चुकलं, हे मुलं दोन दिवसांत ओळखतात.

दुसरी चूक म्हणजे "शेजारून एक उसना घे" असं सांगून मोकळं होणं. कोणाकडून घ्यायचा, आणि तो एक इकडे आल्यावर दहा कसा होतो? वहीतल्या आकड्यांत ते दिसत नाही. आगपेटीच्या काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे रबराने बांधा, दोन सुट्या काड्या शेजारी ठेवा आणि म्हणा, "मला सत्तावीस दे." ती दोन सुट्या देईल, अडेल, मग स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढेल. आता सुट्या झाल्या १२, त्यातल्या ७ दिल्या, ५ उरल्या. बांधलेले गठ्ठे चार राहिलेत, त्यातले दोन दिले. राहिले २५. रबर सुटलं त्याच क्षणी वहीत ५ वर काट मारून ४ लिहायला लावा. काड्या एका दिवशी आणि वही दुसऱ्या दिवशी असं केलं, तर दोन्हींचा संबंध मुलाच्या डोक्यात जुळत नाही. दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी घेतलीत तरी चालेल.

बोटं मोजली म्हणून हातावर मारणारे पालक अजून आहेत. कृपा करून हे थांबवा. बोटं बंद केली की मूल ती टेबलाखाली मोजतं, एवढाच फरक पडतो. ८ आणि ५ ची बेरीज करताना ते एकपासून मोजत असेल, तर आठच्या पुढून मोजायला शिकवा. नंतर पाचातले दोन आठाला देऊन दहा करायला आणि उरलेले तीन मिळवायला शिकवा. हे जमलं की बोटं आपोआप सुटतात.

आपल्या संख्यानामांची अडचण मोठ्यांच्या लक्षातच येत नाही. "एकोणतीस" ऐकून मूल ३९ लिहितं, कारण त्याला "तीस" ऐकू आलेलं असतं. पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र नंतर, मग ५२ होतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला! मला विचाराल तर शिकताना दोन्ही म्हणावं: "पंचवीस, म्हणजे वीस आणि पाच." सेमी इंग्रजीच्या मुलांना तर शाळेत "ट्वेंटी नाइन" आणि घरी "एकोणतीस" असं दुहेरी ओझं असतं. त्यात मराठी एक इंग्रजी नऊसारखा आणि मराठी चार इंग्रजी आठसारखा दिसतो. घरी सराव घेताना शाळेतलेच अंक वापरा. तीनशे पाच हे ३००५ असं लिहिलं तर तेही ऐकल्याबरहुकूमच आहे. शतक, दशक, एकक अशी तीन घरं आखून द्या आणि रिकाम्या घरात शून्य लिहून घ्या.

शाब्दिक उदाहरणांत "एकूण आलं की बेरीज, जास्त आलं की बेरीज" ही युक्ती कोणी शिकवत असेल तर लगेच सोडायला लावा. "राधाकडे १५ गोट्या आहेत. त्या सलीमच्या गोट्यांपेक्षा ६ ने जास्त आहेत. सलीमकडे किती?" युक्तीवाल्या मुलाचं उत्तर २१. उदाहरण आधी गोष्टीसारखं सांगायला लावा, चित्र काढायला लावा. कोणाकडे जास्त गोट्या आहेत हे कळल्याशिवाय पेन्सिल उचलू देऊ नका.

पाढे पाठ हवेतच. पण नुसती चाल पाठ असेल तर "सात आठे किती?" विचारल्यावर मूल सात एके सातपासून सुरू करतं. साता पाचा पस्तीस, सात त्रिक एकवीस, मिळून छप्पन्न, असा मधला रस्ताही त्याला माहीत हवा. घड्याळ लावून पाढे विचारणं आणि "ताईला बघ कसं पटापट येतं" म्हणणं, दोन्ही बंद.

एवढं करूनही तिसरी-चौथीतलं मूल पाच आणि आठातलं मोठं कोणतं यावर अडत असेल, कालचं आज पुसलं जात असेल, तर आळशी म्हणून त्याला हिणवू नका. ते डिसकॅल्क्युलिया, म्हणजे अंक आणि गणित समजण्यातली शिकण्याची अडचण, असू शकतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याचा समावेश आहे आणि रीतसर प्रमाणपत्र असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती मिळतात. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशा तपासणीसाठी क्लिनिक आहे. इतर ठिकाणी बालरोगतज्ज्ञांना विचारा. आधी वर्गशिक्षकांना भेटा आणि जाताना वहीची चुकलेली पानं न खोडता सोबत न्या. "गणित कच्चं आहे" एवढं सांगण्यापेक्षा त्या पानांवरून बाईंना खूप जास्त कळेल.